अठरा मीटरांचे प्रमाणपत्र

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली, त्या पहिल्याच दिवशी नववीच्या वर्गात मोठी गडबड उडालेली आम्ही पाहिली. वर्गातील एक विद्यार्थी मामाच्या कुटुंबासमवेत मालवणला जाऊन आला होता. निळसर पाण्यात माशांच्या घोळक्यामध्ये तो हात पसरून तरंगत आहे असे एक छायाचित्र, आणि त्याचे नाव घातलेला एक गुळगुळीत कागद, असा ऐवज त्याने बरोबर आणला होता. सारा वर्ग त्याच्याभोवती जमला होता. आम्हांस पाहताच तो अभिमानाने म्हणाला, "सर, मी स्कूबा डायव्हर झालो!"

आम्ही कौतुकाने तो कागद पाहिला आणि सहज विचारले, "पोहायला कधी शिकलास?"

तो हसला. "पोहता येत नाही, सर. त्याची तिथे गरजच नसते!"

या उत्तरानेच प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस दिला. त्या मुलास दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्याने पाहिले ते खरेच होते, आणि त्याचा आनंदही खरा होता. परंतु एखादी विद्या चाखणे आणि ती संपादन करणे यांत जे अंतर आहे, ते त्या गुळगुळीत कागदामुळे त्याच्या दृष्टीस पडेनासे झाले होते. हे अंतर केवळ समुद्रापुरते नाही, म्हणूनच सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या निंबोल्याच्या वाचकांपुढे ते मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. 'स्कूबा' हा शब्द, पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेला आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी असे एक श्वासयंत्र सिद्ध केले की, पाठीवरील सिलिंडरमधील दाबलेली हवा, बुडी मारणाऱ्यास हवी तेव्हा आणि हवी तेवढीच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाशी जुळवून मिळावी. वरून येणाऱ्या नळीचे बंधन त्यामुळे तुटले आणि माणूस पाण्याखाली मोकळेपणाने हिंडू लागला. आपल्याकडे मालवण, तारकर्ली, गोवा, अंदमान अशा अनेक ठिकाणी आज ही सोय आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्थाही उभारली आहे.

या ठिकाणी दोन गोष्टी चालतात आणि त्या अगदी भिन्न आहेत. पहिली म्हणजे अनुभवाची बुडी. थोडा वेळ सूचना ऐकावयाच्या आणि मग जाणत्या पाणबुड्याने आपले सिलिंडर धरून आपणांस काही मीटर खाली न्यावयाचे, दाखवावयाचे आणि वर आणावयाचे. यात पाण्याखालचा सारा भार त्या पाणबुड्यावर असतो. आपण केवळ पाहुणे असतो. दुसरी गोष्ट म्हणजे नवशिक्याचा प्रमाणित अभ्यासक्रम. तो साधारणतः तीन-चार दिवसांचा असतो. त्यात पुस्तकी धडे असतात, लेखी परीक्षा असते, तरणतलावातील कवायत असते आणि अखेरीस मोकळ्या समुद्रात किमान चार बुड्या माराव्या लागतात. जगभर रूढ असलेल्या अशा एका अभ्यासक्रमात न थांबता २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि कोणत्याही आधाराविना १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहावे लागते. म्हणजे त्या मुलाने ज्याची "गरजच नसते" असे म्हटले, त्यापासूनच येथे आरंभ होतो.

येथे थोडी आपबीती सांगणे भाग आहे. आमची मातृभाषा कोंकणी. आमचे बालपण समुद्राच्या गाजेतच गेले. त्यामुळे समुद्र हा आपल्या घरचाच, त्याच्यासंबंधी आपणांस नव्याने काय शिकावयाचे आहे, असा एक सुप्त अहंकार आमच्या ठायी होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत, वयाची तिशी उलटल्यावर, किनाऱ्यावरील एका केंद्रात आम्ही हा अभ्यासक्रम घेण्यास गेलो, तो याच अहंकारासह.

पोहण्याची चाचणी आम्ही लीलया पार पाडली. पुस्तकी भागही सोपा वाटला. दुसऱ्या दिवशी तलावात एक साधा दिसणारा धडा होता. डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क पाण्याखाली मुद्दाम पाण्याने भरू द्यावयाचा, मग त्याची वरची कड कपाळाशी दाबून नाकाने हळूहळू उच्छ्वास सोडावयाचा, म्हणजे आतले पाणी खालून निघून जाते. इतकेच! परंतु मास्कमध्ये पाणी शिरताच आमचे नाक झोंबले, डोळे मिटले, आणि तोंडातील श्वासयंत्रातून हवा व्यवस्थित मिळत असतानाही आपण बुडत आहोत अशी आमची खात्री झाली. आम्ही हातपाय झाडीत तडक वर आलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेनंतर आमचे प्रशिक्षक, जे आमच्याहून वयाने बरेच लहान होते, शांतपणे म्हणाले, "आज इथेच थांबू या."

त्या रात्री आम्हांस फार वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. पैसे भरलेले, सुटी संपत आलेली, आणि बरोबरची मंडळी पुढे गेलेली. प्रशिक्षकाने थोडी सूट दिली असती, तर काय बिघडले असते, असाही एक विचार मनास चाटून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस छातीभर पाण्यात नुसते उभे केले, मास्क काढून ठेवण्यास सांगितले आणि पाण्यात तोंड घालून केवळ तोंडाने श्वास घेत राहावयास लावले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पुन्हा दहा मिनिटे. हळूहळू शरीरास पटले की नाकाशी पाणी असले तरी श्वास चालू राहतो. मग तो धडा एका प्रयत्नात जमला. समुद्रातील दुसऱ्या बुडीच्या वेळी एका सहाध्यायाचे फिन लागून आमचा मास्क खरोखरच सरकला आणि पाण्याने भरला. त्या वेळी आम्ही बारा मीटर खोल होतो. आम्ही कड दाबली, उच्छ्वास सोडला, पाणी गेले. सारा प्रकार अर्ध्या मिनिटात संपला. आदल्या दिवशी सूट मिळाली असती, तर त्या अर्ध्या मिनिटाचे काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण आपण नशिबासंबंधी वापरतो. पण ती मुळात घाबरलेल्या माणसाचे अगदी अचूक वर्णन आहे. घाबरलेला माणूस तडकाफडकी वर धावतो, आणि पाण्याखाली याहून घातक असे दुसरे काही नाही. कारण पाहण्यासारखे आहे. पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात प्रत्येक १० मीटर खोलीस त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट होतो आणि बॉइलच्या नियमानुसार हवेचे आकारमान निम्मे होते. तेथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर तीच हवा वाटेत फुगत फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा: श्वास कधीही कोंडू नये. विहिरीत दम धरून बुडी मारणाऱ्या आपल्या पोरांना हे उलटे वाटेल. पण वरची हवा घेऊन खाली जाणे निराळे आणि खालच्या दाबाची हवा खालीच घेऊन वर येणे निराळे.

दुसरे असे की, सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. नवशिक्याच्या सिलिंडरमध्ये आपली नेहमीचीच, पण गाळून दाबलेली हवा असते. तिच्यात जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. दाबाखाली हा वायू रक्तात व ऊतींत विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली हे दाखवून दिले, आणि १९०८ साली ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन याने, शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती सावकाश वर यावे याची कोष्टके तयार केली. त्या श्रमांचे फळ म्हणून आजचा नवशिका सावकाश वर येतो आणि ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबतो. नववीच्या पुस्तकातील रूक्ष वाटणारे नियम येथे प्राणाचे रक्षक होतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आमचे प्रमाणपत्र हाती आले, तेव्हा त्यावरील एका गोष्टीने आम्हांस विचारात पाडले. आपल्या परिचयाची प्रमाणपत्रे आपण कोठवर आलो ते सांगतात: अमुक इयत्ता, अमुक श्रेणी, अमुक टक्के. हे प्रमाणपत्र मात्र आपण कोठवर जावे, हे सांगते. प्रौढ नवशिक्यास मर्यादा १८ मीटरांची. त्याखाली जावयाचे तर पुन्हा शिकावयास बसले पाहिजे. १० वर्षांच्या मुलांनाही हा अभ्यासक्रम घेता येतो, पण १५ वर्षे पुरी होईपर्यंत त्यांच्यावर खोलीची व सोबतीची अधिक बंधने असतात. म्हणजे हे पराक्रमाचे पदक नव्हे; ते मर्यादेचे भान आहे. 'तुला एवढे येते, यापुढचे येत नाही,' असे स्पष्ट शब्दांत सांगणारे प्रमाणपत्र आमच्या शिक्षकी आयुष्यात आम्ही प्रथमच पाहिले.

आमचे असे स्पष्ट मत आहे की, शालेय प्रमाणपत्रांतून आपण नेमके हेच गमावून बसलो आहोत. गुणपत्रिका हाती आली की मुलास काय येत नाही, हा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही. किती टक्के पडले, एवढेच विचारले जाते. वरच्या वर्गात घालण्यासाठी पालक शाळेत येऊन रदबदली करतात, आणि आम्ही शिक्षकही कधी दयेपोटी, कधी कंटाळून, मान तुकवतो. त्या तरुण प्रशिक्षकाने आम्हांस 'आज थांबू या' म्हटले, त्यात कठोरपणा नव्हता. खरी माया त्यातच होती. अपूर्णांक न समजलेल्या मुलास बीजगणितात ढकलणारा शिक्षक त्यास उपकृत करीत नाही; तो त्यास अशा खोलीवर सोडतो की जेथे मास्क भरताच त्याचा धीर सुटेल. समुद्रात ही चूक अर्ध्या मिनिटात उघडकीस येते; वर्गात ती उघडकीस येण्यास दहा वर्षे लागतात, एवढाच काय तो फरक.

या विद्येची आणखी एक रीत आमच्या मनात भरली. येथे कोणी एकट्याने बुडी मारीत नाही. दोघांची जोडी असते. पाण्यात उतरण्यापूर्वी एकाने दुसऱ्याची साधने तपासावयाची. खाली गेल्यावर आपल्याबरोबर सोबत्याच्या हवेचीही चौकशी करावयाची, आणि त्याची हवा संपलीच तर आपल्या सिलिंडरवरील जादा नळी त्याच्या हाती द्यावयाची. खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. आणि नियम असा की, ही खूण कोणीही, केव्हाही, कारण न सांगता करावी. सोबत्याने तत्काळ मानावी आणि वर आल्यावर त्यास हिणवू नये. 'भित्रा कुठला!' या एका शब्दाच्या भीतीने आपली मुले धरणाच्या भिंतीवरून उड्या मारतात. 'मला वर जायचे आहे' असे म्हणण्याचा हक्क आणि ते ऐकण्याचे औदार्य, या दोन गोष्टी आपल्या शाळेच्या मैदानावर आल्या, तर केवढे काम होईल!

यावर कोणी सुज्ञ पालक म्हणतील, "गुरुजी, हे सारे खरे, पण आम्हां निंबोलावासियांस समुद्राशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि या अभ्यासक्रमास हजारो रुपये लागतात. प्रत्येक मुलाने तो घ्यावा, असे आमचे म्हणणे नाहीच. परंतु पाणी आपल्यापासून दूर नाही. मुलताईस उगम पावलेली तापी बऱ्हाणपुराच्या घाटांना स्पर्शून भुसावळमार्गे सुरतेच्या समुद्रास मिळते. शेतोशेती विहिरी आहेत, पावसाळ्यात नाले तुडुंब होतात, गणेशविसर्जनास शेकडो मुले पाण्यात उतरतात. पाणी बुद्धीने समजून घेण्याची परंपराही येथे नवी नाही. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी शहरापर्यंत खेळविणारा कुंडी भंडारा याच परिसरात झाला. पाण्याची चाल ओळखणाऱ्यांच्या या भूमीत पोहता न येणारी मुले असावीत, हे शोभत नाही.

शोभेचाच तेवढा प्रश्न असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांवरून दिसते की, आपल्या देशात अलीकडे दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावतात. समुद्रावर सहलीस गेलेले जसे त्यांत असतात, तसेच विहिरी, तळी आणि नद्या यांत बुडालेलेही असतात. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघे प्राणास मुकले. पाण्याखाली हात धरणारा असतो. पण नौका उलटली म्हणजे ज्याचे त्यालाच तरंगावे लागते. 'पाण्यात पडले की पोहता येते' असे आपण मोठ्या दिमाखाने म्हणतो. नम्रपणे सांगावेसे वाटते की, ज्यांना पाण्यात पडूनही पोहता आले नाही, ते ही म्हण खोटी ठरविण्यास परत आले नाहीत.

आणखी एक शंका कित्येक माताभगिनींच्या मनात येईल: मुलींचे काय? आमच्या तुकडीत एक महाविद्यालयीन मुलगी होती. तिने सारे धडे आमच्या आधी पुरे केले, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. द्वारकेजवळच्या समुद्रतळाचे संशोधन १९८० च्या दशकात डॉ. शिकारीपूर रंगनाथ राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक तेथे पुन्हा पाण्याखाली उतरले, तेव्हा त्यात स्त्री-संशोधकही होत्या. इतिहास, जीवशास्त्र, नौदल, पुलांची व बंदरांची बांधकामे अशा अनेक दिशांना ही वाट जाते. आज आपल्या शाळेत नकाशात समुद्र पाहणाऱ्या एखाद्या मुलीस उद्या त्या वाटेने जावेसे वाटले, तर पहिल्याच पायरीवर 'पोहता येते का?' हा प्रश्न तिला अडवू नये.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. दहावीची परीक्षा देऊन शाळा सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास व विद्यार्थिनीस निदान १० मिनिटे आधाराविना पाण्यावर तरंगता यावे, असा संकल्प पालक व शिक्षक यांनी मिळून करावा. यासाठी समुद्र नको, महागडी साधने नकोत. हवा एक सुरक्षित जलाशय, पोहण्यात तरबेज असे एक-दोन प्रौढ, कमरेला बांधावयास डबा किंवा फुगा, आणि धीर. शिकविणारा नसताना कोणी पाण्यात उतरू नये, आणि कोणी बुडत असेल तर पोरांनी त्याच्यामागे उडी न टाकता दोर, काठी, ओढणी जे हाती येईल ते पुढे करावे व मोठ्यांना हाक मारावी, हेही त्याबरोबरच शिकवावे. ज्यास हे जमले नाही, त्यास लाजवू नये; त्यास 'आज इथेच थांबू या, उद्या पुन्हा' एवढेच सांगावे. मात्र जमल्याखेरीज 'जमले' असे कोणी लिहून देऊ नये.

त्या नववीतल्या मुलाशी मधल्या सुटीत आम्ही पुन्हा बोललो. आमचे प्रमाणपत्र त्यास दाखविले आणि त्यावरील १८ हा आकडाही. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारले, "सर, माझ्या कागदावर आकडा का नाही?" आम्ही म्हणालो, "कारण तुला कोणी नेले होते. तू गेला नव्हतास."

तो खट्टू झाला असेल, असे आम्हांस वाटले. परंतु दुसऱ्या आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. मुलगा शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर पोहणे शिकू म्हणतो, तेव्हा शिकवावयास कोणी जाणता माणूस आहे का, हे विचारण्यासाठी ते आले होते. वडील स्वतः रोज काठावर बसणार आहेत. तो गुळगुळीत कागद त्या मुलाने जपून ठेवावा. तो एका सुंदर दिवसाची आठवण आहे. आकडा असलेला कागद त्याचा त्यालाच मिळवावयाचा आहे, आणि त्याची सुरुवात त्या विहिरीच्या पहिल्या पायरीवर झाली आहे.